विकतचा अंधार

दिवाळीच्या अंकात अंधाराविषयी लिहू नये असा काही शिष्टसंकेत असेल, तर तो मोडल्याबद्दल वाचकांनी मला आधीच क्षमा करावी. पण गेला महिनाभर आमच्या घरात अंधाराखेरीज दुसरा विषय नाही. आणि हा अंधार फुकटचा नव्हे, माणशी १८०० रुपये रात्र या दराने विकत घ्यावयाचा आहे.

झाले ते असे. गणपती बोळवून दोनच दिवस झाले होते. शाळेतल्या एका सहकाऱ्याने आपल्या मोबाइलवर मला एक जाहिरात दाखविली. बाणकोटच्या खाडीपासून खाली आंजर्ल्यापर्यंत जी किनारपट्टी आहे, तिच्यात कोठेतरी सुरूच्या बनात सहा झोपड्या उभारलेल्या आहेत. (गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. दिवाळी अंक घरोघर जातात, आणि एका लेखाने सहाच्या साठ झोपड्या झालेल्या मला पाहावयाच्या नाहीत.) जाहिरात मोठी गमतीची होती. एरवी जाहिरातीत काय काय आहे ते सांगतात. येथे काय काय नाही ते सांगितले होते. वीज नाही. टीव्ही नाही. फोनला रेंज नाही. नळाला गरम पाणी नाही, नळच नाही. शेवटचा एक मैल गाडीरस्ता नाही. जेवणात निवड नाही, चुलीवर शिजेल ते पानात पडेल. नाहींची ही यादी वाचता वाचता माझे मन अगदी वेडावले. वीस वर्षे शाळेत कार्यानुभवाचा मास्तर म्हणून मुलांकडून कागदी पिशव्या चिकटवून घेणारा मी, आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिणारा मी, या दोघांचेही या बाबतीत क्षणात एकमत झाले. असे आमचे क्वचितच होते.

घरी येऊन बेत जाहीर केला. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. दोघांनी उड्या मारल्या. सौभाग्यवतीने कागद-पेन्सिल घेतली. यादी करणे हा तिचा स्वभाव आहे, आणि संसार त्यावर चालतो हे मी नाकबूल करणार नाही. रात्री मी ती यादी पाहिली. टॉर्च दोन, जादा बॅटऱ्या, मेणबत्त्या, डासांच्या उदबत्त्या, पाण्याचे कॅन, हवेच्या उश्या, बिस्किटे, लोणच्याची बरणी, ताप आणि पोटदुखीच्या गोळ्या, घडीची खुर्ची, मोबाइल चार्ज करण्यासाठी पॉवर बँक. एकंदर ४१ जिनसा.

“जेथे फोनच लागत नाही तेथे ही पॉवर बँक कशाला?” मी विचारले.

“फोटो काढायला, बाबा,” थोरली म्हणाली.

म्हणजे जाहिरातदाराने मोठ्या कष्टाने जमविलेल्या नाहींपैकी एकेका नाहीला आम्ही आमच्या घरून एकेक आहे बांधून नेत होतो. मला हसू आले. पण ते हसू फार टिकले नाही, कारण तेवढ्यात आईने तोंड उघडले.

आई खिडकीपाशी भिजवलेले वाल सोलीत बसली होती. तिचे वय आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. हात मात्र अजून थांबत नाहीत. मान वर न करता तिने विचारले, “संडास कुठं आहे तिथं?”

“मागे आहे. कुडाचा आडोसा केलाय.”

“नि पाणी?”

“विहिरीचं. आपलं आपण शेंदायचं. पोरांना तेवढीच गंमत.”

“रात्री दिवा?”

“कंदील.”

“अरे, मग हे माझं माहेरच की रे!” आई म्हणाली आणि इतकी हसली की मांडीवरचे वाल सांडले. मग पदराने डोळे पुसून तिने अगदी साधेपणाने विचारले, “आणि ह्याचे पैसे ते आपल्याला देणार, का आपण त्यांना?”

वाचकहो, तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून मोठमोठे प्रश्न असतात म्हणतात. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, त्यामुळे ते ग्रंथ माझ्या वाट्याला फारसे आले नाहीत. पण आईच्या या प्रश्नापुढे मी जसा निरुत्तर झालो, तसा कोणत्याही परीक्षकापुढे झालो नव्हतो. ज्या जिण्यातून सुटण्यासाठी माझ्या आईबापांनी गाव सोडले, गिरणीच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडला, तेच जिणे मी दोन रात्रींसाठी विकत घ्यावयास निघालो होतो. वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि तो मिटलाच नाही. आमच्या घरात त्यानंतर जी काही वर्षे आली, त्यांत ‘नाही’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की त्याची जाहिरात करावी असे कोणाला सुचले नसते. माझे शिक्षण मॅट्रिकशी थांबले ते बुद्धी संपली म्हणून नव्हे.

मराठीत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात: उपवास आणि उपासमार. दोहोंतही पोट रिकामे असते. कोणी वैद्य तपासू लागला तर त्याला जठरात फरक सापडावयाचा नाही. पण एकादशीच्या दिवशी आपण स्वयंपाकघरातून फिरतो तेव्हा डबे भरलेले असतात, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. उपवासाला दार असते आणि त्या दाराची कडी आतून असते. उपासमारीची कडी बाहेरून घातलेली असते. जाहिरातीतल्या त्या झोपडीच्या दाराला मुळी कडीच नाही म्हणे. पण माझ्या खिशात परतीचे तिकीट होते, आणि तीच माझी कडी.

कोणी म्हणेल, यात नवे काय? मोठमोठ्यांनीही तेच केले. थोरोचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. माझी त्याची गाठ उशिरा, एका रद्दीच्या दुकानात, दुर्गाबाई भागवतांच्या मराठी अनुवादातून पडली. १८४५ सालच्या ४ जुलैला तो वॉल्डन तळ्याकाठी आपल्या हातांनी बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस राहिला. झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. या हिशेबी माणसाने अर्धा सेंटही सोडला नाही. पण ती जमीन त्याच्या स्नेह्याची, इमर्सनची होती. कॉन्कर्ड गाव दीड मैलावर होते. आणि वाटेल तेव्हा तो घरी जाऊन येत असे. यावरून त्याला ढोंगी म्हणणारे टीकाकार निघाले. मी त्यांच्यातला नाही. उपवास करणाऱ्याला, तुझ्या घरात तांदूळ आहेत म्हणून तुझा उपवास खोटा, असे म्हणणे हा शुद्ध खोडसाळपणा होय. तांदूळ आहेत म्हणूनच तर तो उपवास! मात्र त्या उपवासाच्या जोरावर त्याने आपल्याला दुष्काळ कळला असे म्हणू नये, एवढीच अपेक्षा.

याच्या उलट, समुद्रकाठी जाऊन खरोखर राहिलेले एक मास्तर मला आठवतात. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिकवावयास गेले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. शिरोड्याचा समुद्रकिनारा पाहावयास आज मोटारी भरभरून माणसे जातात. अठरा वर्षे मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला तो किनारा सहलीसारखा दिसला असेल का? दिसलाही असेल, एखाद्या रविवारी. पण सोमवारी सकाळी शाळा असे. मला वाटते, एखाद्या जागेला आपले म्हणण्याचा अधिकार तेथल्या सोमवारामुळे येतो. आम्ही मात्र शनिवार-रविवारची माणसे.

असो. आईच्या प्रश्नानंतर दोन दिवस मी बेताविषयी बोललोच नाही. तिसऱ्या रात्री वीज गेली. खिडकीतून वारा येत होता, पोरे झोपली होती. आई अंधारातच म्हणाली, “तुला वसंताचं कधी सांगितलं का रे मी?”

वसंता तिचा धाकटा भाऊ. त्याचे नाव मी ऐकले होते, पण तो लहानपणीच गेला यापलीकडे घरात कोणी काही बोलत नसे. आई तेव्हा अकरा वर्षांची होती, वसंता चार. त्यांचे घर एका लहान खाडीच्या तोंडाशी होते. डॉक्टर पलीकडच्या तीरावर. दिवसभर पोर बरे होते. रात्री दहाच्या सुमारास त्याला घरघर लागली. आजोबा मुंबईस गिरणीत. आजीने त्याला खांद्यावर घेतले, आईने कंदील धरला, दोघी धक्क्यावर आल्या. होडीवालाही उठून आला; नाही म्हणाला नाही, हे आई दोनदा म्हणाली. पण होडी चिखलात बसलेली होती.

“अष्टमी होती,” आई म्हणाली.

कोकणात न वाढलेल्यांसाठी याचा अर्थ सांगितला पाहिजे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते, आणि ही वेळ चंद्राबरोबर रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून आमच्या बाजूचा अडाणी माणूसही तिथीला पाऊणपटीने गुणतो आणि भरतीची वेळ सांगतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अष्टमीला संध्याकाळी सहाला खाडी भरली म्हणजे मध्यरात्री ती पार ओसरणार. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला उधाण असते, तर अष्टमीला भांग. तेव्हा पाणी पुरते चढतही नाही. होडी तरंगावयास पहाटेचे तीन तरी वाजणार होते. आजी, आई आणि होडीवाला धक्क्यावर कंदील घेऊन बसून राहिले. पलीकडे डॉक्टरच्या घरातला दिवा दिसत होता.

“पाणी आलं तेव्हा न्यायला काही उरलं नव्हतं,” आई म्हणाली. तेवढ्यात वीज आली, पंखा फिरू लागला, आणि ती कूस बदलून झोपली.

मी जागा राहिलो. ‘दूर’, ‘एकांतात’, ‘जगापासून तुटलेले’ हे शब्द त्या जाहिरातीत होते आणि मला ते मोहक वाटले होते. माझ्या कादंबऱ्यांतही मी ते अनेकदा मोहक म्हणूनच वापरले आहेत. दूरपणा म्हणजे देखावा, असे मी समजत आलो. त्या रात्री दूरपणाला रुंदी आली. एका लहान खाडीएवढी. पलीकडचा दिवा दिसावा इतकीच ती रुंद होती.

सकाळी मी घरात जाहीर केले की बेत रद्द. गरिबीची भातुकली खेळावयास मी जाणार नाही.

माझी अशी समजूत होती की आता सर्वजण गप्प बसतील आणि माझ्या नैतिक उंचीकडे पाहतील. थोरली म्हणाली, “म्हणजे मग महाबळेश्वरला जायचं का? ए.सी. हॉटेलात? तिथं आजीला बरं वाटेल?”

मी चूप. नववीतल्या मुलींना वाद घालावयास कोण शिकवतो कोण जाणे. आमच्या शाळेत तरी तो विषय नाही. पण तिचे म्हणणे बरोबर होते. जे जिणे आईने सोसले, त्याच्या जवळपासही फिरकावयाचे नाही, त्याच्याकडे पाठ करून गार खोलीत बसावयाचे, याने त्या जिण्याचा मान कसा राहतो? शिवाय भातुकली हा शब्द मी तुच्छतेने वापरला तेही चूकच. चिमुकल्या चुलीवर चिमुकले पातेले ठेवणारी पोर आईच्या कष्टांची थट्टा करीत नसते. ती ते कष्ट हाताळून पाहत असते. फरक एवढाच की पूर्वीच्या मुली पुढे करावयाच्या कामाची भातुकली खेळत. आमची मुले मागे पडलेल्या कामाची खेळणार.

तरीही माझे मन घेईना. शेवटी झोपड्यांच्या मालकालाच फोन केला. फोन लागत नाही असे जाहिरातीत असताना तो पहिल्या घंटीला लागला, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटावयास हवे होते. गृहस्थ मोकळा निघाला. मी मास्तर आहे म्हटल्यावर आणखी मोकळा झाला.

त्याची पोफळीची वाडी होती. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळ आले. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत त्याने जे केले ते वर्तमानपत्रांत आपण वाचले असेल. “मास्तर, दुपारी जेवायला बसायच्या वेळेला वाडी होती आणि संध्याकाळी नव्हती,” तो म्हणाला. बापाने लावलेल्या पोफळी माचिसच्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. माडही गेले. नवी पोफळ लावली तर फळाला यावयास सहा-सात वर्षे. तोवर खायचे काय? म्हणून या झोपड्या. याच झोपड्यांवर मुलगा रत्नागिरीस शिकतो आहे.

“पण वीज नाही, म्हणजे तुमचीही पंचाईतच,” मी सहानुभूतीने म्हणालो.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “मास्तर, तुम्ही आमच्यातलेच म्हणून सांगतो. वीज आहे. माझं घर बनाच्या मागं आहे, तिथं फ्रीज आहे, टीव्ही आहे. झोपड्यांपर्यंत वायरही टाकली होती. पण पहिल्या वर्षी पाहुणे नाराज झाले. म्हणाले, लाइटच असायचा तर इतक्या लांब कशाला यायचं? मग काढून टाकली. आता कंदील लावतो. त्यात बॅटरीचे दिवे आहेत, वाऱ्यानं विझत नाहीत.”

मी हसत सुटलो, आणि तोही. आईने ज्यासाठी गाव सोडले ती वस्तू गावात येऊन पोचली होती, आणि माझ्यासारख्यांची आवड सांभाळण्यासाठी त्या बिचाऱ्याने ती सुरूंच्या मागे लपवून ठेवली होती! गरिबी आता त्याच्या घरी राहत नव्हती. पाहुणे आले म्हणजे तिला बोलावून बसवावे लागे. हे ढोंग कोणाचे म्हणावे? विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे? बाजाराचा नियम विचाराल तर, मागणी आमची. एखाद्याने आपली प्रगती आमच्यापुढे झाकून ठेवावी अशी आमची मागणी, ही मला आईच्या प्रश्नाहूनही अधिक लाजिरवाणी वाटली. गावाने मागासलेले दिसत राहावे, म्हणजे आम्हाला शहरात बसून त्याची ओढ वाटत राहील!

मी त्याला तसे म्हटलेही. तेव्हा तो म्हणाला, “ते खरं. पण किनाऱ्यावर अंधार मला हवाच आहे, मास्तर. तुमच्यासाठी नव्हे. कासवांसाठी.”

या किनाऱ्यावर समुद्री कासवाच्या माद्या अंडी घालावयास येतात. नोव्हेंबरपासून त्यांचे दिवस सुरू होतात. रात्री मादी वाळूत वर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत समुद्रात जाते. पुन्हा पाहावयास येत नाही. दीडएक महिन्याने किंवा थोड्या उशिराने पिले निघतात आणि जेथे उजेड अधिक तिकडे धावतात. त्यांच्या रक्तातली खूण अशी की रात्री समुद्रावरचे आभाळ जमिनीपेक्षा उजळ असते. किनाऱ्यावर दिवा लावला की पिलू दिव्याकडे धावते आणि मरते. मादीही उजेड पाहून अंडी न घालताच माघारी वळते. पूर्वी लोक ती अंडी खणून नेत. शेजारच्या वेळास गावी, जे नाना फडणीसांचे गाव म्हणून आपण ओळखतो, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली अंडी राखण्याचे काम सुरू केले, आणि पुढे ते गावकऱ्यांनी आपले मानले. आता आसपासच्या अनेक गावांतून हे चालते.

“तेव्हा टॉर्च आणाल तर किनाऱ्यावर लावू नका,” तो म्हणाला. “आणि वाळूवर हिरवी वेल पसरलेली दिसेल, तिच्यावरून पोरांना नाचू देऊ नका.”

ती वेल मला माहीत होती. आई तिच्याविषयी सांगत असे. तिचे नाव मर्यादवेल. समुद्राने कोठवर यावे आणि माणसाने कोठवर जावे, ती हद्द ती धरून असते. तिच्या मुळांनी वाळू जागच्या जागी राहते. कोकणातल्या कोणा अनाम माणसाने ते नाव ठेवले. जाहिरात लिहिणाऱ्याला तसे सुचले असते असे वाटत नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ यादी घेऊन बसलो. माझ्या मनातला गोंधळ संपला होता असे नाही. विकत घेतलेला अंधार खोटा, हे मला पटले होतेच. पण त्याच किनाऱ्यावर कोणाला तरी तो अंधार खरोखरच हवा होता, आणि तेथे जाऊन दिवा न लावणे हे एक काम होते. मौज म्हणून नव्हे, तर पाहुण्याने पाळावयाची रीत म्हणून. मी पहिल्या टॉर्चवर रेघ मारली. सौभाग्यवतीने ती रेघ खोडून शेजारी लिहिले: ‘फक्त विहिरीपाशी.’ हे तडजोडीचे वाक्य मला एखाद्या स्मृतिग्रंथात शोभेल असे वाटले.

मग मी आईपाशी गेलो. म्हटले, “आई, तू चल. आता तिथं पूल आहे, डॉक्टरही अलीकडेच आहे. आणि तू झोपडीत नाही झोपायचं. मालकाच्या घरी पंखा आहे, फ्रीज आहे. त्यांनीच सांगितलंय.”

“पंखा आहे ना नक्की?” तिने विचारले.

“आहे.”

“नि आत संडास?”

“तोही आहे.”

तिने थोडा वेळ विचार केला. “मी विहीर बघीन म्हणते,” ती म्हणाली. “पाणी मात्र मी शेंदणार नाही. ते तुम्ही शेंदा.” आणि मग, “कधी निघायचं ठरवलंयत?”

थोरलीने भिंतीवरच्या कालनिर्णयाशी जाऊन पाहिले. भाऊबीज झाल्यावर पाच-सहा दिवसांनी, सुट्टी संपायच्या आत. तिने तारीख वाचली, आणि आजीला तारखेपेक्षा तिथी कळते म्हणून खालची ओळही वाचली. “कार्तिक शुद्ध अष्टमी.”

आईच्या हातातला वाल हातातच राहिला.

“नवमीला जाऊ,” ती म्हणाली.

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. तिला कारण ठाऊक नव्हते; मी अजून तिला सांगितले नव्हते. तिने काही विचारले नाही. यादीच्या माथ्यावरची तारीख तिने खोडली आणि पुढची घातली. धाकटा बोटांवर नऊ पाऊणे करू लागला. मी झोपडीवाल्याला पुन्हा फोन लावला.